ज्यांच्यापुढे ‘निर्वंश’ लिहिले आहे

थडग्यांविषयी मराठीत अलीकडे जे बोलले जाते ते दोनच प्रश्नांभोवती घोटाळते: कोणाचे उखडायचे आणि कोणाचे कोणी शोधले. २०२५च्या मार्चमध्ये खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून पेटलेली आग नागपूरपर्यंत पोचली. रायगडावरील समाधी फुल्यांनी शोधली की टिळकांनी, हा वाद तर अधूनमधून नव्याने उकरला जातो. दोन्ही वादांत मेलेला माणूस निमित्तापुरता असतो. या गदारोळात एक वाक्य मात्र कोणीही न तपासता, सर्वमान्य सत्य असल्यासारखे टाकून जातो, आणि मला ते त्या दोन्ही वादांहून अधिक घातक वाटते: ‘आपण जाळणारी माणसे. थडगी शोधत हिंडणे आपल्यात नाही.’

भोपाळच्या मराठी घरांत हे वाक्य मी वारंवार ऐकतो, आणि बहुधा एकाच प्रसंगी ऐकतो. गावाकडची जमीन विकायला निघते तेव्हा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूर, इंदूर, ग्वाल्हेरहून मराठी कारकून, शिक्षक, अभियंते बदलीच्या हुकमावर इथे आले. त्यांतल्या काहींची मुळे त्याच्याही मागे, माळव्यातल्या खेड्यांत जातात. अठराव्या शतकातल्या स्वाऱ्यांबरोबर आलेले शिलेदार, कमाविसदार, कारकून, भिक्षुक इकडेच राहिले. बाजीरावांनी निजामाला भोपाळपाशी कोंडले आणि ७ जानेवारी १७३८ रोजी दोराह्याचा तह झाला, हे आपल्याला पाठ असते. त्या फौजांमागून येऊन इथे घरे बांधलेली माणसे पुढे कुठे मेली, त्यांच्या बायका-मुलांचे काय झाले, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. आता भोपाळ-सिहोर-इंदूर पट्ट्यात जमिनीला भाव आला आहे, कॉलन्या रानात शिरल्या आहेत, आणि व्यवहाराच्या आदल्या रात्री घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या आत्याला आठवते की त्या रानात ‘आपल्यांच्या’ समाध्या होत्या. तेव्हा कोणीतरी सुशिक्षित पुतण्या वरचे वाक्य उच्चारतो आणि विषय संपतो.

विषय संपू नये म्हणून हा लेख.

अशा जागा शोधायच्या तर आधी ऋतू बघावा लागतो. सोयाबीन उभे असताना काहीच दिसत नाही. गहू-हरभरा निघून चैत्र-वैशाखात रान मोकळे झाले की पहिल्यांदा नजरेत येतो तो न नांगरलेला तुकडा. चहूकडे तासांच्या सरळ रेघा, मध्येच वळसा घालून गेलेला ट्रॅक्टर, आणि त्या वळशाच्या पोटात रुई, घाणेरी, बोरीची झुडपे, क्वचित एखादा जुना खुरचाफा. झाडोरा बाजूला केला की चौथरा लागतो, गुडघाभर उंच, काळ्या दगडाचा, सांध्यांत चुना. वर पादुकांची जोडी कोरलेली असते, कधी शेजारी लहानसे शिवलिंग. अक्षरे असलीच तर भर दुपारी ती वाचता येत नाहीत. ऊन कलल्यावर, किंवा मोबाइलचा दिवा दगडाला टेकवून आडवा धरला की खाचांत सावली भरते आणि ‘शके’ एवढे वर येते. पुढचे आकडे बहुधा झिजलेले असतात. (हळद, खडू किंवा पीठ चोळून अक्षरे उठवणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे: तसे करू नका, दगड खराब होतो.)

सिहोर जिल्ह्यातल्या अशा एका चौथऱ्याचा कोपरा नांगराने नेलेला होता. त्याच्या पायाशी वीतभर उंचीचे तीन दगड नुसते रोवलेले होते, त्यांवर ना अक्षर ना खूण. रान आता ज्याच्या ताब्यात आहे तो शेतकरी त्या घराण्याचा नाही, मराठीही नाही. तो म्हणाला, ‘ये बच्चों के हैं.’ त्याला त्याच्या आजोबांनी सांगितले होते, म्हणून तो तिथे नांगर घालत नाही. ज्या घराण्याची ती मुले, त्या घराण्यातल्या कोणाला ही गोष्ट माहीत नव्हती.

प्रतिपक्षाला उत्तर मी या तीन दगडांपासून देतो. ‘आपण जाळणारी माणसे’ हे विधान आधी वस्तुस्थिती म्हणूनच खोटे आहे. लिंगायत पुरतात. महानुभाव पुरतात. दशनामी आणि नाथपंथी गोसावी समाधी देतात. महाराष्ट्रातल्या आणि माळव्यातल्या अनेक दलित, भटक्या आणि आदिवासी समाजांत पुरण्याची रीत होती व आहे. संन्याशाला अग्नी नाही. देवी येऊन गेलेल्याला कित्येक ठिकाणी जाळत नसत. एवढ्यांना वगळून जो उरतो त्याला ‘आपण’ म्हणायचे असेल तर म्हणा, पण मग ते एका छोट्या वर्तुळाचे घरगुती मत झाले, समाजाची परंपरा नव्हे. आणि त्या वर्तुळातही हे खरे नाही. पिढ्यान्पिढ्या जाळणाऱ्या घरातलेही मूल दोन वर्षांच्या आत गेले तर ते जमिनीतच जाते. मनुस्मृती तसे सांगते, आणि लगेच पुढे बजावते की अशा बालकाला जसा अग्निसंस्कार नाही तशी उदकक्रियाही नाही. ज्या काळात पाळण्यातून उठून चालायला लागणे हीच मोठी गोष्ट होती, त्या काळच्या प्रत्येक घराण्याला थडगी आहेत. ती लहान आहेत, इतकेच.

इथवर आले की प्रतिपक्ष जागा बदलतो. दुसरी जागा पहिलीपेक्षा भक्कम आहे, हे मान्य केले पाहिजे. तो म्हणतो: पुरण्या-जाळण्याचा प्रश्न बाजूला ठेवू, पण आपल्या परंपरेने मृताला जागेशी बांधून ठेवले नाही. अस्थी वाहत्या पाण्यात सोडल्या. प्रेताचा पितर झाला. पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांना नावाने पिंड, त्यापलीकडचे मुक्त. दगडाला कवटाळणे म्हणजे मेलेल्याला अडकवून ठेवणे आहे, आणि ते आपण पश्चिमेकडून शिकलो.

या म्हणण्यात शहाणपण आहे. मी स्वतः दरवर्षी पक्ष घालतो आणि तीन पिढ्यांनंतर नाव सोडून देण्यात मला कृतघ्नता दिसत नाही. पण हा युक्तिवाद ज्यांच्यासाठी केला जातो त्यांनाच तो लागू पडत नाही. नावाने पिंड मिळतो तो कोणाच्या तरी बापाला, आजोबाला, पणजोबाला, आणि त्यांच्या जोडीने त्यांच्या बायकांना. ज्याला मूलबाळ नव्हते त्या चुलत्याचे काय? सोळाव्या वर्षी विधवा होऊन दिराच्या घरी साठ वर्षे राबलेल्या बाईचे काय? सर्वपित्री अमावास्येला त्यांना जागा आहे, पण ती गर्दीतली जागा आहे, नावाची नाही. आणि त्या तीन दगडांखालच्या मुलांना तर शास्त्रानेच पाणी नाकारले आहे. त्यांच्यासाठी कोणीतरी केलेली एकमेव गोष्ट म्हणजे तो रोवलेला दगड. तुमची मुक्तीची व्यवस्था त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती, तेव्हा तिच्या नावाने त्यांचा दगड हलवण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

शिवाय परंपरा एवढी एकसुरी कधी होती? मराठी देवघरांत खंडोबा-भवानीच्या टाकांशेजारी वीराचा टाक असतो. अकाली गेलेला, अविवाहित राहिलेला, लढाईत पडलेला कुणी पूर्वज. त्याला मुक्त करून सोडलेले नाही, घरात ठेवले आहे. नाशिकला धुलिवंदनाच्या दिवशी हे वीर मिरवत गोदावरीवर नेतात आणि स्नान घालून परत आणतात. गावोगावच्या वेशीवर वीरगळ आहेत, सतीशिळा आहेत. माळव्यात तर त्या पावलोपावली दिसतात. दगडाशी नाते आपण परक्यांकडून शिकलो असे म्हणणाऱ्याने आधी आपल्या गावाची वेस एकदा फिरून यावी.

आणि छत्र्या? राणोजी शिंदे १७४५ साली शुजालपूरजवळ वारले. तिथे त्यांची छत्री आहे, वस्तीला राणोगंज हे नाव आहे. मल्हारराव होळकरांची छत्री आलमपूरला, महादजींची पुण्याला वानवडीत, बाजीरावांची समाधी नर्मदाकाठी रावेरखेडीला. इंदूरच्या छत्रीबागेत होळकरांची रांग आहे. शिवपुरीला शिंद्यांच्या छत्रीत मूर्तीची रोजची सेवा करण्याची रीत पडली. हे सगळे जाळणाऱ्यांचेच दगड आहेत. रावेरखेडीला पुण्यतिथीला हार घेऊन जाणारा माणूस स्वतःच्या खापरपणजीच्या चौथऱ्याविषयी ‘आपल्यात नाही’ म्हणतो तेव्हा त्याचा खरा अर्थ असा होतो की सरदारांत आहे, आपल्यासारख्यांत नाही. सरदाराची ती छत्री आणि शिलेदाराचा तो पेरणीतला अडथळा. माझा राग येतो तो या ठिकाणी, आणि तो लपवावा असे मला वाटत नाही.

मुक्तीच्या युक्तिवादाचा शेवटचा बुरूज असा: दगड झिजतो, पडतो, मातीत जातो, तर जाऊ द्यावा, तेच नैसर्गिक विसर्जन. नाही. अस्थी नदीत सोडताना कोणीतरी अंघोळ करून, ओल्या पंच्याने, नाव उच्चारून त्या सोडतो. विसर्जन हा विधी आहे, दुर्लक्ष हा विधी नाही. घराण्याने एकत्र जमून, त्या जागी नारळ फोडून, ‘आता ही जागा सोडतो’ असे म्हणून ती सोडली, तर मी एक शब्द बोलणार नाही. पण रजिस्ट्रीच्या कागदावर सही झाली आणि जेसीबीने चौथरा उचलला, याला मुक्ती म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे.

इतर आक्षेपांना एवढा वेळ देण्याचे कारण नाही. जिवंतांना घरे हवीत, मेलेल्यांना जागा कशाला, असे म्हणणाऱ्यांनी वीस एकरांच्या कॉलनीतल्या वीस हात जागेचा हिशेब मांडून दाखवावा. लाळेच्या नमुन्यावरून पूर्वजांचा टक्केवारीत तपशील विकणाऱ्या कंपन्यांशी मला काही बोलायचे नाही.

माझे खरे म्हणणे यापुढे आहे. वंशाचा शोध आणि मृताचा शोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिलीलाच दुसरी समजत आलो.

वंशाच्या शोधाचे आपल्याकडे वैभव आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, हरिद्वार, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनाव सांगितले की पिढ्या उलगडत जातात. हरिद्वारच्या वह्यांचे मोल तर अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेलाही कळले, तिने त्यांच्या मायक्रोफिल्म करून घेतल्या. विसाव्या शतकात मराठीत कुलवृत्तांतांची रांग लागली. माणसांनी पदरमोड करून, पत्रे पाठवून, गावे पालथी घालून ते ग्रंथ सिद्ध केले. गेल्या दोन-तीन वर्षांत तर कुणबी नोंदींच्या निमित्ताने महाराष्ट्राच्या तहसील कचेऱ्यांत वंशावळ हा जगण्याचा प्रश्न झाला, शिंदे समितीपासून मोडी वाचणाऱ्यांपर्यंत सगळे कामाला लागले. ती गरज खरी आहे, तिला नावे ठेवण्याचा मला हक्क नाही. पण या साऱ्या शोधांत एक गोष्ट समान आहे. तो माझ्यापासून सुरू होतो आणि माझ्यापाशी परत येतो. मी कोणाचा, माझा हक्क कशावर, माझे गोत्र-कूळ काय. वर जाणाऱ्या या रेषेवर जो नाही, तो या शोधाला दिसतच नाही.

कुलवृत्तांताचे कुठलेही पान उघडा. एका नावापाशी रेषा थांबते आणि तिथे ‘निर्वंश’ असे लिहिलेले असते. मी असे ग्रंथ पुष्कळ वाचले आणि दरवेळी त्या एका शब्दापाशी अडलो. एक माणूस जन्मला, कदाचित सत्तर वर्षे जगला, त्याने विहीर बांधली असेल, कोणाला दुष्काळात जगवले असेल. वंशाच्या हिशेबात तो संपला. वहीला त्याच्यापुढे काही विचारायचे नाही. जुन्या कुलवृत्तांतांत लेकी कशा येतात हेही पाहा: कोणाकडे दिली एवढे सांगून संपतात. दीड-दोन वर्षांची मुले तर येतच नाहीत.

दगड या माणसांना दिसतो. मृताचा शोध सुरू होतो तो मेलेल्या माणसापासून. तो इथे का मेला, त्याला इथे कोणी ठेवले, त्या वेळी कोण रडले. शोधणारा त्याचा वंशज असला तर उत्तम, नसला तरी बिघडत नाही. तो फक्त तिथे पोचलेला माणूस असतो. म्हणूनच मला सिहोरकडचा तो शेतकरी, ज्याच्या रक्ताचा त्या मुलांशी काही संबंध नाही, खरा शोधकर्ता वाटतो. भोपाळच्या शहरी पुतण्याकडे आठ पिढ्यांची वंशावळ चौकटीत लावलेली आहे आणि त्या तीन मुलांचा पत्ता नाही. दोघांपैकी पूर्वज कोणी सांभाळले?

हा भेद कोकणातल्या बेने इस्रायलांकडे पाहिले की लख्ख होतो. त्यांची आडनावे म्हणजे गावेच: पेणकर, रोहेकर, नागावकर, केहिमकर. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांचे मूळ पूर्वज जहाज फुटून लागले आणि तिथेच वाहून आलेल्या प्रेतांचे दफन झाले, अशी त्यांची सांगी आहे. त्या जुन्या दफनभूमीत आज स्मारकस्तंभ आहे. १९४८ नंतर बहुतेक समाज इस्रायलला गेला. मराठी त्यांनी तिथेही टिकवली, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तिथे निघते. त्यांची मुले-नातवंडे रायगड जिल्ह्यात येतात तेव्हा त्यांना आपले कूळ शोधायचे नसते, ते आडनावातच लिहिलेले आहे. त्यांना हवी असते ती जागा. आडनावाच्या गावाबाहेर, वाडीच्या कडेला, हिब्रू आणि मराठी अक्षरांचा एखादा दगड, आणि तिथे उभे राहून म्हणायची प्रार्थना. वंश हातात असूनही माणूस हजारो मैलांवरून थडगे शोधत येतो, यावरून कळावे की वंशाने ती भूक भागत नाही. ब्रिटिशांनाही हे उशिरा उमगले. दक्षिण आशियातल्या त्यांच्या दफनभूमींसाठी लंडनला संस्था उभी राहिली ती १९७६ साली, राज्य जाऊन तीस वर्षे होत आल्यावर. आपल्या चौथऱ्यांसाठी तसे काही नाही.

आणि हे मी भोपाळमधून लिहितो आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या वायुगळतीच्या रात्रीनंतर या शहराने चितांवर चिता आणि कबरींत एकाहून अधिक देह पाहिले. कित्येकांची ओळख पटली नाही. रघू राय यांनी टिपलेले त्या अनाम बालकाचे दफन साऱ्या जगाने पाहिले: मातीतून उघडा राहिलेला चेहरा आणि त्यावर ठेवलेला एक हात. त्या मुलाची वंशावळ कोणत्याही वहीत शोधून मिळणार नाही. त्या रात्री गेलेल्यांच्या घरच्यांना इतक्या वर्षांनंतरही जे सलते, त्यात ‘कुठे ठेवले ते तरी कळायला हवे होते’ हे असतेच. या शहरात राहून, ते माहीत असून, स्वतःच्या घराण्यातल्या मृतांची ठाऊक असलेली जागा बुलडोझरखाली घालणे मला केवळ निष्काळजीपणा वाटत नाही. तो अपराध वाटतो.

कायद्याच्या नजरेत या जागांची स्थिती काय आहे ते नीट समजून घ्यावे. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९च्या कलम २३७ प्रमाणे जिल्हाधिकारी गावच्या निस्तारासाठी स्मशान आणि दफनभूमी राखून ठेवतो आणि ती निस्तार पत्रकात येते. पण ती गावची, सरकारी जमिनीवरची. खासगी रानातल्या घराण्याच्या समाध्या तिथे येत नाहीत. पटवारी खसरा उघडून ‘इसमें तो कुछ नहीं है’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. महाराष्ट्रातल्या सातबारावरही आपणहून काही उमटत नाही. दफनाच्या जागी घुसून विटंबना करणे हा गुन्हा आहे, पूर्वी दंड संहितेचे कलम २९७ होते, आता न्याय संहितेचे ३०१ आहे. पण त्यात कोणाच्या भावना दुखावण्याचा हेतू किंवा तशी जाणीव सिद्ध व्हावी लागते. जिथे कोणाला काही ठाऊकच नाही तिथे ते कलम काय करणार? दुसरा एक दरवाजा मात्र उघडा आहे. भू-राजस्व संहितेच्याच कलम २४२ खालच्या वाजिब-उल-अर्जमध्ये खासगी जमिनीवरच्या जाण्यायेण्याच्या वहिवाटीची नोंद होऊ शकते. समाधीपर्यंतची पायवाट तिथे लिहिली गेली तर पुढच्या मालकाला ‘मला माहीत नव्हते’ म्हणता येणार नाही.

म्हणून ज्यांची गावाकडची जमीन अजून हातात आहे त्यांना माझे सांगणे आहे. या उन्हाळ्यात रान मोकळे झाले की घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला गाडीत घालून तिथे न्या आणि जागा दाखवून घ्या. चौथरा, अक्षरे, बिनअक्षरांचे दगड, शेजारची झाडे, विहिरीपासूनचे अंतर, सगळ्याची छायाचित्रे काढा आणि ती तलाठ्याकडे वा पटवाऱ्याकडे अर्जासोबत द्या. जमीन विकणारच असाल तर खुशाल विका, पण खरेदीखतात तेवढा तुकडा आणि तिथवरची वाट चतुःसीमेसह वगळा. आणि घराण्याच्या वंशावळीत जिथे जिथे ‘निर्वंश’ लिहिले आहे, तिथे त्या माणसाला कुठे ठेवले आहे ते शेजारी लिहून ठेवा.